आईबापाचा 'द्वेष' करा असं येशू खरंच म्हणाला का? (लूक १४:२६, जरा लांबलचक उत्तर)

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. मोठा भाऊ नाताळानंतर एका नव्या प्रार्थनागटात जायला लागला, हळूहळू आईशी बोलणं बंद, घरात पैसे देणं बंद, आणि विचारलं की बायबलमधलं लूक १४:२६ (लूकच्या शुभवर्तमानातला १४ वा अध्याय, २६ वं वचन) उघडून समोर ठेवतो, "जो आपल्या आईबापाचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही." तुमचे पाळक म्हणाले की तिथं द्वेष म्हणजे फक्त कमी प्रेम असं घ्यायचं. भाऊ म्हणतो ही पळवाट आहे, लिहिलंय ते लिहिलंय. आणि आता आईनंच तुम्हाला विचारलंय की देव खरंच असं म्हणाला का गं.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी २६ वर्षं नवा करार शिकवतोय. सुरुवातीला पाळक होऊ घातलेल्या पोरांना ग्रीक शिकवायचो, आता निवृत्तीनंतर रविवारी संध्याकाळी एक अभ्यासवर्ग घेतो, त्यात दोन नर्स, एक रिटायर मुख्याध्यापिका, एक रिक्षावाले काका अशी मंडळी आहेत. कॉलेजातल्या पोरांपेक्षा ह्या वर्गानं मला जास्त घाम फोडलाय हे आधीच सांगून टाकतो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकात एक अडकलेत. एक, ह्या वचनाचा अर्थ काय. दोन, भाऊ आईशी वागतोय ते बरोबर का. पहिल्याचं उत्तर मी बऱ्यापैकी खात्रीनं देऊ शकतो. दुसऱ्याचं मात्र परिस्थितीवर आहे, कारण मी तुमचं घर पाहिलेलं नाही. घरात मारझोड होती का, त्याच्या श्रद्धेवरून कुणी त्याला कोंडून ठेवत होतं का, की साधी कुरबुर होती, हे मला माहीत नाही आणि पहिलं असेल तर लांब राहणं वेगळी गोष्ट होते, त्याला लूकचा आधारही लागत नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं काही दिसत नाही, आई रोज त्याचं ताट वाढून ठेवते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तेवढं धरून पुढे लिहितो.

कठीण वचन समोर आलं की मी पहिलं हे बघतो की ते नक्की कुठे कठीण आहे. कारण अडचणी एका जातीच्या नसतात. काही ठिकाणी अडचण मूळ मजकुरातच असते. आता करिंथकरांस पहिलं पत्र १४:३४-३५ घ्या, बायकांनी मंडळीत गप्प बसावं ते. त्याच पत्रात ११:५ मध्ये ते पत्र लिहिणारा पौल बायका प्रार्थना करतात, संदेश देतात हे गृहीत धरून त्यांनी डोक्यावर काय घ्यावं ते सांगतोय, म्हणजे गप्प बसलेली बाई संदेश देणार कशी? आणि काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचनं ३३ नंतर नाहीतच, थेट ४० नंतर येतात. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की कुणीतरी समासात लिहिलेली टीप नंतर मजकुरात घुसली, काही म्हणतात पौलाचीच आहेत पण एका विशिष्ट गोंधळाबद्दल आहेत. तिथं आपल्याला हस्तलिखितांकडे बघावंच लागतं. तुमच्या वचनात ती भानगड नाही. लूक १४:२६ मजकूर म्हणून पक्का आहे. उलट १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीला जी कॉप्टिक पुस्तकं सापडली त्यातल्या थोमाच्या नावावरच्या, येशूच्या बोलांच्या संग्रहातही 'आईबापाचा द्वेष' हेच शब्द आहेत, एकदा नव्हे दोनदा. म्हणजे हा बोल असाच कडक रूपात लोकांत फिरत होता. त्यामुळे "हे नंतर कुणीतरी घातलं असेल" ही वाट बंद. भावाचं "लिहिलंय ते लिहिलंय" एवढ्यापुरतं बरोबर.

मग अडचण भाषेत आहे का? हो, बरीचशी. लूकनं वापरलेलं ग्रीक क्रियापद मिसेओ, त्याचा सरळ अर्थ द्वेष करणे, त्यात काही लपवाछपवी नाही, आपल्या मराठी बायबलमध्येही द्वेषच आहे आणि ते भाषांतर चूक नाही. पण येशू काही रोज ग्रीकमध्ये बोलत नव्हता, तो अरामी बोलायचा आणि त्याच्या कानात जुन्या कराराची हिब्रू होती. त्या बोलीत 'प्रेम' आणि 'द्वेष' ही जोडी कशी वापरतात हे बघायला उत्पत्ती २९ उघडा. याकोबाला दोन बायका, लेआ आणि राहेल. वचन ३० म्हणतं याकोबाचं लेआपेक्षा राहेलवर जास्त प्रेम होतं. जास्त. म्हणजे लेआवरही थोडंफार होतंच. आणि लगेच ३१ म्हणतं, लेआचा द्वेष होतोय असं परमेश्वरानं पाहिलं. तीच बाई, तेच घर, एका वाक्यात 'कमी' आणि पुढच्या वाक्यात 'द्वेष'. जुन्या कराराच्या जुन्या ग्रीक भाषांतरातही तिथं हेच मिसेओ आहे.

आपल्याकडे ह्यासाठी अगदी नेमका शब्द आहे. आवडती आणि नावडती. राजाला दोन राण्या, एक आवडती एक नावडती. नावडती म्हणजे राजा रोज तिला शिव्या घालतो असं नाही, पण निवड करायची वेळ आली की ती मागे पडते, आणि नावडतीचं मीठ अळणी. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, सर मग भाषांतरात 'नावडते' का नाही टाकत? टाकता येत नाही, कारण "जो आपल्या आईबापाला नावडते करत नाही" हे वाक्य कानाला काहीच करत नाही, आणि येशूला ते कानाला टोचायला हवं होतं. तिथंच ह्या वचनाची खरी गंमत सुरू होते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात हाच बोल मऊ होऊन येतो. १०:३७, जो माझ्यापेक्षा आईबापावर अधिक प्रेम करतो तो मला योग्य नाही. तुमच्या पाळकांनी 'कमी प्रेम' म्हटलं ते इथून घेतलंय आणि ते चुकीचं नाही, मत्तयानं तोच अर्थ ओळखून स्पष्ट करून लिहिलाय असं मलाही वाटतं. बऱ्याच अभ्यासकांना लूकचं रूप जास्त जुनं वाटतं, आणि त्यामागचं कारण साधं आहे, मऊ वाक्य कुणी मुद्दाम कडक करत नाही, कडक वाक्य मात्र लोक मऊ करतात. म्हणजे पाळकांचं उत्तर बरोबर आहे पण अर्धं. 'फक्त कमी प्रेम' मधला 'फक्त' मला खटकतो. लेआला जाऊन विचारा 'फक्त कमी' म्हणजे काय असतं ते.

इथं माझीच एक जुनी चूक सांगतो. नवीनच शिकवायला लागलो होतो, नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या मंडळीत उपदेशाला बोलावलं. विषय मार्क १०:२५, श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की यरुशलेमला 'सुईचं नेढं' नावाचा एक छोटा दरवाजा होता, उंटाला तिथून ओझं उतरवून गुडघ्यावर बसून जावं लागायचं, तसं श्रीमंतानं नम्र व्हायचं. लोक खूश. नंतर चहा पिताना एक म्हातारे गृहस्थ, आयुष्यभर शेती केलेले, हळूच म्हणाले, "साहेब, दरवाजाच होता तर मग शिष्य एवढे घाबरले कशाला?" मी गप्प. कारण पुढच्याच वचनात शिष्य चकित होऊन म्हणतात मग तारण कुणाचं होणार, आणि येशू म्हणतो माणसांना हे अशक्य आहे. गुडघ्यावर बसून जाता येणारी गोष्ट अशक्य नसते. घरी येऊन शोधलं तर त्या दरवाज्याला पहिल्या शतकातला काहीच पुरावा नाही, ही गोष्ट फार नंतरच्या काळातल्या टीकाकारांकडून आलेली. मूळची ती अतिशयोक्तीच आहे, यहूद्यांच्या बाबिलोनी तालमूद ह्या ग्रंथात तर उंटाच्या जागी हत्ती आहे, पुम्बदिथा गावचे पंडित सुईच्या नेढ्यातून हत्ती काढतात असा टोमणा. (आणि आपल्याला नेढं म्हटलं की राजगडावरचं आठवतं, तिथून उंट जाईलही कदाचित, पण ते सोडा.)

त्या म्हाताऱ्यांचा प्रश्न मी तेव्हापासून सगळीकडे लावतो. अर्थ सांगून झाला की विचारायचं, हा अर्थ खरा असेल तर ऐकणारे दचकले असते का? नसते, तर आपण कुठेतरी वचनाचे दात काढलेत. लूक १४ ला हे लावा. वचन २५ बघा, मोठे लोकसमुदाय येशूबरोबर चाललेत, आणि तो वळून त्यांना हे म्हणतो. गर्दी जमवायला नाही, गर्दीला थांबवायला. तो यरुशलेमकडे चाललाय, ९:५१ पासून, तिथं काय होणार त्याला ठाऊक आहे, आणि मागून येणाऱ्यांना वाटतंय जत्रा आहे. "माझ्यावर थोडं जास्त प्रेम करा हं" एवढ्यानं कोण थांबतं? म्हणून 'कमी प्रेम' हा शब्दाचा अर्थ झाला, वाक्याचं काम त्यानं होत नाही.

वाक्याचं काम काय ते पुढच्या ओळींतून कळतं आणि तुमच्या भावाला मी इथंच बसवीन, कारण माझ्या अनुभवात २६ वचन तोंडपाठ असणाऱ्यांनी २७ ते ३३ वाचलेलं नसतं. "माझा शिष्य होता येत नाही" हे पालुपद तीनदा येतं, २६, २७ आणि ३३ मध्ये. पहिल्यात आईबाप, बायको, मुलं, भाऊ, बहिणी, आणि शेवटी स्वतःचा जीव. दुसऱ्यात आपला वधस्तंभ. तिसऱ्यात आपलं सर्वस्व. आणि मधे दोन दाखले, एक बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, दुसरा राजा, दहा हजार माणसं घेऊन वीस हजारवाल्याशी लढता येईल का ते आधी बसून बघतो. दोन्हीत बसून हिशेब. आता मला सांगा, बुरुजाचा खर्च कोण करणार? बांधणारा. वधस्तंभ कुणाचा? ज्याचा त्याचा. यादीत शेवटी जीव कुणाचा? स्वतःचा. ह्या अख्ख्या उताऱ्यात शिष्य होण्याची किंमत शिष्य भरतो. दुसऱ्याच्या खात्यावर टाकत नाही.

माझा सगळा मुद्दा ह्या एका प्रश्नात आहे ताई. किंमत कोण भरतंय? तुम्ही लिहिलंय त्यावरून भाऊ नोकरीला आहे, पगार येतोय, नवा गट त्याचं कौतुक करतोय, आणि इकडे आईच्या गोळ्यांचे पैसे तुम्ही भरताय आणि आई रडतेय. मग हिशेब कुणी दिला? तुम्ही आणि आईनं. लूक १४ मध्ये असा शिष्य मला सापडत नाही.

बरं, हे माझं मत झालं असं तो म्हणेल, म्हणून पुस्तकातूनच दाखवतो. लूकमध्येच मिसेओ हा शब्द ६:२७ ला आहे, "जे तुमचा द्वेष करतात त्यांचं बरं करा." तोच लेखक, तोच शब्द, तोच बोलणारा. वैऱ्याचं बरं करायचं आणि आईचं वाईट, हे एकाच माणसाचं शिक्षण म्हणून उभंच राहत नाही. १६:१३ मध्ये परत तोच शब्द, दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, एकाचा द्वेष कराल दुसऱ्यावर प्रेम. तिथं तर उघड आहे की मुद्दा शेवटी कुणाचं ऐकायचं हा आहे, दुसऱ्या धन्याच्या घराला आग लावायचा नाही. १८:२० मध्ये त्या श्रीमंत अधिकाऱ्याला येशू आज्ञा मोजून दाखवतो त्यात आईबापाचा मान राख ही आहेच, रद्द केलेली नाही.

आणि मग मार्क ७:९-१३. हे भावाबरोबर जरूर वाचा, हळू वाचा. त्या काळी एखादा माणूस आईबापाला म्हणायचा की तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं होतं ते कुर्बान आहे, म्हणजे देवाला अर्पण केलंय, आणि झालं, आईबापासाठी काही करायची त्याची जबाबदारी संपली. सोय बघा कशी. पैसा देवाच्या नावावर, भक्तही ठरलो, आणि म्हाताऱ्यांचा खर्चही वाचला. येशू ह्यावर इतका चिडतो की म्हणतो तुम्ही तुमच्या परंपरेनं देवाचं वचन रद्द करता. म्हणजे देवाच्या नावावर आईबापाला वाऱ्यावर सोडणं ही गोष्ट त्याच्यासमोर आलेली आहे, प्रत्यक्ष, आणि त्यावर तो काय म्हणाला ते लिहून ठेवलेलं आहे. आपल्याला अंदाज बांधायची गरजच नाही.

अजून एक जागा, जी मला स्वतःला खूप उशिरा दिसली. जुन्या करारातलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक, २१:१५-१७. एका माणसाला दोन बायका, एक प्रिय, एक अप्रिय, हिब्रूत तिथंही द्वेषाचाच शब्द आहे. कायदा काय म्हणतो? थोरला मुलगा नावडतीचा असेल तर वाटणी करताना त्याचा दुप्पट वाटा बापाला आवडतीच्या मुलाला देता येणार नाही. म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात 'द्वेष केलेली' हीसुद्धा हक्क असलेली बाई आहे. तुझं मन कुणीकडे झुकतं ते झुकू दे, तिचं देणं तुला चुकत नाही. भाऊ म्हणतो ना शब्दशः घ्यायचं, घेऊ शब्दशः. ज्या भाषेतून हा शब्द आलाय तिथं द्वेष असला तरी देणं सुटत नाही.

पहिल्या शिष्यांनी हे वचन कसं जगलं तेही बघण्यासारखं आहे, कारण ऐकणाऱ्यांनी काय केलं हा अर्थाचा चांगला पुरावा असतो. येशूचा शिष्य पेत्र लूक १८:२८ मध्ये म्हणतो आम्ही आमचं सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आणि येशूच्या उत्तरात सोडलेल्यांच्या यादीत बायकोही आहे. आता करिंथकरांस पहिलं पत्र ९:५ काढा. पौल तक्रारीच्या सुरात म्हणतोय, केफासारखं मला बायकोला बरोबर घेऊन फिरायचा हक्क नाही का? केफा म्हणजे पेत्रच. म्हणजे वीसेक वर्षांनी पेत्र प्रवासाला बायकोला बरोबर घेऊन हिंडतोय! सोडलं म्हणजे टाकून दिलं असं त्यानं तरी मानलेलं दिसत नाही. आणि येशूचं स्वतःचं घर? मार्क ३:२१ मध्ये घरचे त्याला धरून न्यायला आलेत, ह्याचं डोकं फिरलंय म्हणून. तो त्यांच्याबरोबर गेला नाही, बाहेर उभ्या असलेल्या आईकडे न बघता म्हणाला माझी आई कोण, भाऊ कोण. कडक आहे, मी गुळगुळीत करणार नाही. पण योहान १९ मध्ये वधस्तंभावरून तोच आईची सोय लावतो, आणि प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये माडीवरच्या खोलीत प्रार्थना करणाऱ्यांत त्याची आई आणि भाऊ आहेत. तीमथ्याला पहिलं पत्र ५:८ तर सरळच म्हणतं, जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट.

आता दुसरी बाजू, नाहीतर भाऊ म्हणेल सर तुम्हीपण शेवटी पाळकांसारखंच केलंत. खरोखर ज्यांच्यावर ह्या वचनाची वेळ आली असे लोक होऊन गेलेत. इसवी सन २०३, उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, पर्पेतुआ नावाची विशीतली बाई, कडेवर तान्हं मूल, ख्रिस्ती म्हणून तुरुंगात. तिच्या नावावर तुरुंगातली आठवण आहे त्यात बाप परत परत येतो, माझ्या पिकलेल्या केसांकडे बघ म्हणतो, तिचे हात हातात घेतो, पाया पडतो. ती त्याला एक भांडं दाखवून म्हणते, ह्याला भांड्याशिवाय दुसरं काही म्हणता येईल का? मग मलाही मी आहे त्याशिवाय दुसरं काही म्हणवून घेता येत नाही. आणि बापाचं तिला किती वाईट वाटतं तेही लिहिलंय. तिनं बापाचा तिरस्कार केला नाही, त्याच्यासाठी स्वतःला नाकारलंही नाही, आणि मरण तिनं भोगलं. हे लूक १४:२६.

आपल्याकडे लांब जायला नको. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं, काही वर्षं ताटातूट झाली, मग त्या परत त्यांच्यासोबत राहायला आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. त्या ताटातुटीत लक्ष्मीबाईंनी काय सोसलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय, आणि टिळकांचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, बायकोच्या बाजूनं बघितलं तर तिथं किंमत दोघांनी भरली, कदाचित तिनं जास्त. म्हणजे माझी किंमतीची कसोटीही दरवेळी स्वच्छ उत्तर देत नाही हे मान्य. खरं आयुष्य तसंच असतं. पण त्या काळी समाज दार लावून घेत होता. तुमच्या घरात आईनं दार उघडं ठेवलंय आणि भाऊ बाहेरून कडी लावतोय, दोन्ही गोष्टी एकच कशा?

एक बारीक गोष्ट, ग्रीक येत नसलं तरी आवडेल म्हणून. ३३ मध्ये "सर्वस्वाचा त्याग" असं आपण वाचतो तिथलं क्रियापद मुळात निरोप घेण्याचं आहे, राम राम करून निघणं. लूकमध्ये ते आधी एकदा येतं, ९:६१ मध्ये, एक जण म्हणतो प्रभू मी येतो पण आधी घरच्यांचा निरोप घेऊ द्या, आणि येशू त्याला नांगराला हात घालून मागे बघणाऱ्याचं उदाहरण देतो. म्हणजे त्या माणसाला निरोप घरच्यांचा घ्यायचा होता, आणि १४:३३ मध्ये निरोप मालमत्तेचा घ्यायला सांगितलाय, जे काही आपलं आहे त्या सगळ्याचा. भावाला विचारायला हरकत नाही की आईचा निरोप तर झाला, बाकीच्याचं कसं काय? बाईक, पगार, गटातला मान? मी हे टोमणा म्हणून सांगत नाही, खरंच विचारा, कारण उतारा मानायचा तर पूर्ण मानायचा.

गटाबद्दल एक शब्द. तिथं कुणी घरच्यांशी संबंध तोडा असं ठरवून शिकवत असेल, किंवा घरी बंद झालेले पैसे तिकडे जात असतील, तर तो वचनाच्या अर्थाचा प्रश्नच नाही, मग वाद घालून उपयोग नाही, त्याच्या जवळच्या एखाद्या मित्राला किंवा मामाला मध्ये घ्या आणि तुमचा दरवाजा बंद होऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवर वचनांची फेकाफेक तर अजिबात करू नका, मी पाहिलंय, त्यानं फक्त दोघांची पाठांतरं वाढतात. समोरासमोर बसा, एकच धडा घ्या, मार्क ७ किंवा लूक १४ पूर्ण, त्यालाच मोठ्यानं वाचू द्या, आणि तुम्ही उत्तरं न देता प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी काही होणार नाही.

राहिला आईचा प्रश्न. देव खरंच असं म्हणाला का. तिला हो म्हणा. नाही म्हणून तिची समजूत काढायला जाऊ नका, ती उद्या स्वतः बायबल उघडेल आणि तिथं ते असेलच, मग तिला वाटेल लेकीनंही फसवलं. हो, म्हणाला, आणि ते ज्याला म्हणाला त्याला स्वतःचा हिशेब करायला सांगत होता, तुझ्या ताटातलं काढून घ्यायला नाही, एवढं सांगा. मग पान उलटा. लूकनं हा कडक धडा संपवून लगेच पंधरावा ठेवलाय, त्यात ११ पासून एक मुलगा घर सोडून जातो आणि बाप रोज वाटेकडे डोळे लावून बसल्यासारखा त्याला दुरूनच ओळखतो. आईला चष्मा द्या आणि तिलाच वाचू द्या, २० व्या वचनापर्यंत. तुमचा भाऊ थोरला आहे आणि गोष्टीतला पळालेला धाकटा, हे ती तुम्हाला नक्की बोलून दाखवेल.